कंपनीची फाइल आणि माझी तार

माझा मुलगा गावात राहायला आला होता आणि परत गेला. गावातले लोक म्हणतात, वीज पडली म्हणून गेला. वीज पडली हे खरं आहे. पण ती आत आली तारेवरून, आणि ती तार मी ओढली होती. का ओढली, ते लोकांना माहीत नाही. मुलाला माहीत आहे, त्याच्या आईला माहीत आहे. म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलो. लिहिताना चौथीच्या पुस्तकातली भाषा लिहितो, बोलताना आमची बोलतो. हसायचं त्यानं हसावं.

आमचं गाव कुरखेड्याच्या पुढं, जंगलाला लागून. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले देव टोपलीत भरले, नदीत सोडले आणि येताना वाटेत मला म्हणाला, "आता देवाचा धाक सरला. आता कायद्याचा धराचा." तेव्हापासून मी तो धरला. तीस वर्षं बांबूच्या कूपावर, म्हणजे जंगलातल्या सरकारी तोडीवर, मुकादम होतो. माझ्या हाताखालच्या माणसानं एक काडी इकडची तिकडे केली नाही, हे अजूनही कोणालाही विचारा.

मुलगा एकुलता एक. चंद्रपुरात डिप्लोमा केला, मग नागपूरला कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीच्या कामावर राहिला. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल, एक दिवस पाठीवर बॅग आणि हातात डिस्कांचा डबा घेऊन दारात उभा. म्हणाला, "आई, मी आता इथीच राह्यतो." त्याच्या आईनं लाखोळीच्या डाळीचे वडे केले, पाहुणा आल्यावर करतात तसे.  मी ओसरीच्या बाजूची खोली रिकामी करून दिली. त्यात माझे कोयते, सुतळ्या, जुनी पोती होती. ती घरामागच्या सांदवाडीत नेऊन टाकली. त्याच खोलीत त्यानं दोन मशिनी मांडल्या.

मी डबा उघडून विचारलं, "हे काय होय?"

"कॉम्प्युटर चालवाची सिस्टीम, बाबा. लोकांनी मिळून बनवली. साऱ्या जगातल्या लोकांनी."

"फुकट?"

"फुकट हाये, पण म्हून नाई आणली. याच्यात कुठी कुलूप नाई. आतलं सारं वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याले देता येते. द्या म्हून लिहूनच ठेवलं हाये."

"लिहून?"

"लिहून. हे पाहा लायसन."

तो कागद मी त्याच्याकडून तीनदा वाचून घेतला. आयुष्यात मी जेवढे कागद पाहिले, सगळ्यांत शेवटी एक ओळ असायचीच, की हे दुसऱ्याला देता येणार नाही. हा पहिला कागद होता जो म्हणत होता, घ्या आणि पुढं द्या, फक्त घेणाऱ्यालाही तोच हक्क ठेवा. मला इतका आनंद झाला की बाजाराच्या दिवशी मी सगळ्यांना धरून धरून सांगितलं. पेंटरकडून खोलीवर पाटी लिहून घेतली, शब्द माझे: 'येथील सर्व माल उघडा आहे.' दुसऱ्या दिवशी पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, "काय गा मुकादम, जिल्ह्यात दारूबंदी अन् तुह्या पोट्ट्यानं उघडा माल लावला?" सगळे हसले. मुलानं पाटी उतरवा म्हटलं. मी उतरवली नाही.

आमच्या गावाहून दोन कोस आत एक आश्रमशाळा आहे. तिथले मुख्याध्यापक गोंड समाजातले. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो, जरी त्यांचे वडील माझ्या कूपावर मोळ्या बांधत आणि गुरुजी तेव्हा नागडे फिरत. त्या पावसाळ्यात नागपूरच्या कोणी भल्या लोकांनी त्यांच्या शाळेला दहा जुन्या मशिनी दान दिल्या. गुरुजी सायकलवर घरी आले.

"जयभीम भाऊ. पोरगा हाये का घरी?"

"जय सेवा गुरुजी. हाये. मशिनीचं होय ना?"

"तेच होय. पोरी त्याच्यावर कपडे वाळवून राह्यल्या."

गुरुजींचं म्हणणं असं. त्यांच्या संस्थेच्या एकूण नऊ शाळा. संस्थेच्या सचिवानं कबूल केलं होतं की दिवाळीपर्यंत या शाळेतल्या मशिनी नीट चालल्या आणि पोरं शिकायला लागली, तर नऊही शाळांचं काम माझ्या मुलाला, कायमचं. म्हणजे त्याला नागपूर नको, पुणे नको. तो गावात राहील. मला एवढंच पाहिजे होतं. तेव्हा मी ते कोणाजवळ बोललो नाही, आता लिहितो.

मशिनी दोन इमारतींत होत्या. वर्ग एका बाजूला, मुलींचं वसतिगृह पटांगणाच्या पलीकडं. मुलाच्या मनात होतं की ऑफिसातल्या एका मशिनीत सगळे धडे, चित्रं ठेवायची आणि बाकीच्या नऊ मशिनींनी ती तिच्याकडून मागून घ्यायची. त्यासाठी देणाऱ्यांनी प्रत्येक मशिनीत बिनतारी कार्ड बसवून दिलं होतं. वायरलेस. गुरुजी म्हणाले, "वायरलेस म्हणू नका हो भाऊ जोरानं, चौकीतले पोलीस येतील."

मुलानं आपली डिस्क घालून दहाही मशिनी चालू केल्या. अक्षरं मराठीत आली. पण कार्ड काही चालेना. दोन दिवस तो त्याच्या मागं. तिसऱ्या दिवशी वडशाला गेला, तिथल्या इंटरनेटच्या दुकानात बसला, नागपूरच्या सोबत्याकडून काही मागवलं आणि संध्याकाळच्या बसनं आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत कार्डाचा हिरवा दिवा लागला.

"लागलं बाबा!"

"काय कमी होतं?"

तो आनंदात होता, म्हणून नीट सांगितलं. म्हणाला, ते कार्ड मुकं असतं. मशीन चालू झाली की दर वेळी त्याला एक फाइल भरवावी लागते, तेव्हा ते बोलायला लागतं. वीज गेली की विसरतं. त्या फाइलीला फर्मवेअर म्हणतात.

"मंग थे फाइल तुह्या डिस्कीत काऊन नोती?"

 "कंपनीची हाये थे. कार्ड बनवते त्या कंपनीची. आतलं कोणाले दिसू देत नाई."

"म्हणजे कुलपातली."

"हो. म्हून सिस्टीम बनवणाऱ्यांनी थे डिस्कीच्या बाहेर ठेवली. त्यायच्यातच भांडण हाये बाबा. अर्धे म्हणतात घाला, नाई तं गरिबाची मशीन चालन कशी. अर्धे म्हणतात, उघड्या मालात बंद पेटी नाई ठेवाची."

"तू कोणाकडून?"

"मी मधात."

"मधात कोणी नसते," मी म्हणालो. "कंपनीचा कागद कुठी हाये?"

कागद त्यानं वडशाहून छापून आणला होता, इंग्रजीत. मी वाच म्हटलं. त्यानं वाचून मराठीत सांगितलं. ज्यानं कार्ड विकत घेतलं त्यानं आपल्या कार्डासाठी वापरावी. दुसऱ्याला देऊ नये. आत हात घालून पाहू नये. मग मी तोच कागद गुरुजींकडं नेला आणि त्यांनाही वाचायला लावला, कारण मुलगा आपल्या सोयीनं वाचेल असं मला वाटलं. त्यानं सोयीनं वाचलं नव्हतं. गुरुजींनीही तेच सांगितलं. कार्डं दानात आली होती, पण कागद दानात आला नव्हता. आणि ही फाइल तर नागपूरच्या सोबत्यानं पाठवलेली, तिसऱ्याच कोणाच्या कार्डाची होती.

मी घरी येऊन सांगितलं, "शाळेतून थे फाइल काढ."

इथं मला मागचं एक सांगावं लागतं, नाहीतर वाचणारा म्हणेल, म्हातारा येडा आहे.

आमच्याकडं जंगलालगतच्या गावांना निस्तारचा बांबू मिळतो. सरकार कार्ड देतं, त्यावर आपल्या घरापुरता बांबू तोडायचा. घर शाकारा, कुंपण करा, कोणी विचारत नाही. पण तो दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि आमची रीत अशी की कोणाचं घर उभं राहत असलं तर ज्याच्याकडं बांबू आहे त्यानं द्यायचाच. नदीपलीकडं माझा एक सोबती होता, कूपावर माझ्यासोबत वीस वर्षं होता. त्याचं घर पावसात बसलं. त्यांच्या गावाचा निस्तार त्या वर्षी निघाला नव्हता. मी म्हटलं, माझ्या वाट्यातला ने. तो बैलगाडी घेऊन आला, मी स्वतः बांबू गाडीत भरून दिले. नदीच्या अलीकडंच जंगलखात्याच्या नाकेदारानं गाडी धरली. बांबू कोणाचा, विचारलं. त्यानं माझं नाव सांगितलं नाही.

मला कळलं तेव्हा मी रेंज ऑफिसात गेलो, म्हटलं, साहेब, बांबू माझा, मी दिला. साहेब म्हणाले, "देणारा घरी आहे. माल ज्याच्या गाडीत, गुन्हा त्याच्यावर." केस झाली. गाडी डेपोत जमा. दर तारखेला तो पायी कुरखेड्याला यायचा, माझ्याच घरी भाकर खायचा, आणि एकदाही म्हणाला नाही की तुझ्यामुळं झालं. निकाल लागायच्या आधी तो मेला. त्याची गाडी डेपोच्या पटांगणात तशीच पडून राहिली, तिच्या चाकातून गवत वर आलेलं मी जाता-येता पाहत होतो. देणारा मी होतो. मला कोणी काही केलं नाही.

हे मुलाला माहीत होतं. तो तेव्हा लहान होता, पण घरात भाकर खाणारा तो माणूस त्याला आठवत होता. तरी म्हणाला, "बाबा, थो बांबू होता. याची नक्कल केली तं कंपनीची कमी होते का? जंगल तं तसंच राह्यते."

"मले माहीत हाये. पण उद्या कोणी आलं तं धरन कोणाले? तुले नाई. मले नाई. गुरुजीले धरन. त्याची नोकरी जाईन."

"कोण येते बाबा? अख्ख्या जिल्ह्यात एक मशीन दाखवा ज्याच्यात विकतची सिस्टीम चोरून घातली नाई. तहसीलीत जाऊन पाहा."

"तहसीलदाराचं तहसीलदार पाहीन."

"अन् ह्या पोरीयचं?"

"तूच सांगितलं होतं, माह्या डिस्कीत कुलूप नाई. मी साऱ्या बाजारात सांगितलं. आता बाजारात काय सांगू?"

त्याची आई चुलीजवळून म्हणाली, "अवो, इतका कायदा खाऊन बसले तं रातच्याले भात नका खाजा."

दुसऱ्या दिवशी तो मला सोबत घेऊन शाळेत गेला. माझ्या समोर एकेका मशिनीतून ती फाइल पुसली. दहाव्या मशिनीजवळ मान वर केली आणि म्हणाला, "बस?" मी म्हटलं, "बस." हिरवे दिवे विझले होते.

पण मी नुसता नाही म्हणणारा माणूस नाही. परवानगी पाहिजे तर मागायची. मी कंपनीला अर्ज केला. सविनय अर्ज सादर की, आमच्या आश्रमशाळेत आपली दहा कार्डं दानात आलेली आहेत, मुली शिकत आहेत, आपल्या फाइलीची नक्कल शाळेस देण्याची परवानगी मिळावी, गरज पडल्यास आमच्या डिस्कीसोबत इतर शाळांसही देण्याची मिळावी, आम्ही आत हात घालणार नाही. सही माझी, कारण मुलाला हा प्रकार मान्य नव्हता. त्याला फक्त खाली इंग्रजीत उतरवायला लावलं. अर्जाला मी कोर्ट फीचं तिकीट लावलं.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "बाबा, कंपनीले कोर्ट फी नाई लागत."

"अर्जाले लागते."

रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, कंपनीच्या बंगलोरच्या पत्त्यावर पाठवलं. श्रावण होता. वीस-बावीस दिवसांनी पोचपावती परत आली, गोल शिक्का, लाल शाईची सही. मी शाळेत जाऊन गुरुजींना दाखवली. म्हटलं, अर्ज पोचला, आता निर्णय येईन. मला खात्री होती. रेंज ऑफिसात पोचपावती आली की निर्णय येतो, वर्षानं का होईना. मुलगा म्हणाला, "तिथं रेंजर नसते बाबा. कोणी तरी दारावरच्या माणसानं सही केली असन." मी रोज पोस्टमनच्या वाटेवर बसायचो. भादवा संपत आला. सचिवाचा निरोप आला, कुठवर आलं?

मग तार माझ्या डोक्यातून निघाली. बिनतारी नाही तर तारेनं जोडा. मुलगा म्हणाला, वर्गात जोडता येईल, तारेचं कार्ड प्रत्येक मशिनीत आहे आणि त्याला कोणाची फाइल लागत नाही. पण वसतिगृह पटांगणापलीकडं.

"दोन इमारतीच्या मधात तार अशी वरून नाई नेत, बाबा. जमिनीतून न्या लागते. खोल."

"पटांगणात गुडघाभर पाणी साचते. अन् उंदीर. मी बांबूतून नेतो."

"ढगाचे दिवस हाये."

"बांबूले वीज लागते का? तीस वर्ष झाले, मले बांबू शिकवतं का तू?"

तो गप्प बसला. माझ्यासमोर गप्प बसायची सवय त्याला मीच लावली होती, लहानपणापासून. तेव्हा मला ते वळण वाटायचं.

बांबू मी डेपोतून पावतीनं आणले, निस्तारचे नाही. सळई तापवून एकेक पेर आतून फोडलं, चांगले सरळ, एका मापाचे निवडले, जोडाजोडाला डांबर लावलं. माणसाच्या डोक्याच्या वर जाईल असे खांब रोवले आणि त्यावर तो पोकळ बांबू ठेवून या इमारतीतून त्या इमारतीत नेला. शाळेतली पोरं म्हणायची, आजोबा, पाणी येणार का याच्यातून? आठ दिवस लागले. म्हातारपणी मी एवढं नेटकं काम दुसरं केलं नाही. मुलानं त्यातून तार ओढली.

दसऱ्याच्या आधी चालू झालं. वसतिगृहातल्या एका मुलीनं मशिनीवर आपल्या गावाचं नाव मराठीत लिहिलं आणि ते पटांगणापलीकडं वर्गातल्या मशिनीवर दिसलं. विश्वास बसेना म्हणून ती धावत इकडं आली, नाव वाचलं, परत धावत तिकडं गेली, दुसरं लिहिलं. मग सगळ्याच पोरी धावायला लागल्या. गुरुजींनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, धूळ हाये भाऊ. मुलगा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुमची तार चालली बाबा." आयुष्यात त्यानं मला दिलेली शाबासकी ती एकच. मी म्हटलं, "चालनच."

बारा-तेरा दिवस ते चाललं.

पाऊस जवळजवळ सरला होता. हलक्या धानाची कापणी लागली होती. दुपारी पोरी जेवून ताटं धूत होत्या, मी त्या दिवशी शाळेतच होतो, खांबाखालची माती दाबत होतो. आभाळ एका बाजूनं काळं, पाणी नाही. गुरुजींनी पोरींना आत घेतलं, मलाही हाक मारली. मी वर्गाच्या ओसरीवर चढलो आणि वसतिगृहामागच्या मोहाच्या झाडावर वीज पडली. आवाज नाही म्हणता येणार त्याला, अंगावर कोणी भिंत ढकलावी तसं झालं. पटांगणातला माझा बांबू उभा चिरला. तार काळ्या दोऱ्यासारखी लोंबत होती. आतून जळका वास.

कोणाला काही झालं नाही. हे आधी लिहायला पाहिजे होतं. एका मुलीच्या हातातलं ताट पडलं, तेवढंच.

मुलगा गावातून सायकलवर आला तो घामानं भिजलेला. एकेक मशीन उघडून पाहिली. दहापैकी सात गेल्या होत्या. गुरुजी म्हणत होते, "पोरी वाचल्या ना, मशिनी जाऊ द्या."  मी त्याच्या मागं उभा होतो. मी विचारलं, कारण न विचारता मला राहवलं नसतं, "बिनतारी असतं तं?"

त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. "एवढं नसतं झालं."

खोटं बोलायला मी त्याला शिकवलं नव्हतं.

सचिव जीप घेऊन आला, चिरलेला बांबू पाहिला, म्हणाला, हे कोणी केलं? गुरुजी बोलायला लागले तोच मी पुढं झालो, मी केलं म्हटलं. या वेळी मी उशीर केला नाही. पण त्यानं फरक पडला नाही. काम शहरातल्या एका दुकानदाराला गेलं. त्याच्या माणसांनी टेम्पोतून नव्या मशिनी आणल्या आणि दोन दिवसांत बसवून दिल्या, बिनतारी, सगळं चालू. मी मुद्दाम पाहायला गेलो. एकच डिस्क काढून दहाही मशिनीत घातली त्यांनी, विकतची सिस्टीम.

मी विचारलं, "याचा कागद?"

"काका, कागद कोणाले पाह्यजे?"

"धाड पडली तं?"

"इथी? या जंगलात धाड टाकाले कोण येते, अस्वल?"

इतकी वर्षं झाली. धाड पडली नाही. गुरुजी सुखरूप रिटायर झाले. मी त्यांना ज्याच्यापासून वाचवलं ते आलंच नाही.

 घरात मुलाची आई जेवायला वाढायची आणि आत जायची. मुलगा खोलीत बसून असायचा. शिकायला दोन-तीन पोरं यायची, तीही त्या शहरी दुकानदाराकडं जायला लागली. दिवाळीची सुट्टी सरली तसं एक दिवस त्यानं सांगितलं, पुण्यात नोकरी लागली. आईनं विचारलं, "परत कधी?" तो म्हणाला, "पाहू."

बसस्टँडपर्यंत त्याची बॅग मी धरली. त्यानं दोनदा मागितली, मी दिली नाही. बस लागलेली होती. तो म्हणाला, "बाबा, मी रुसलो नाई. तुमी चूक केली असं मले नाई वाटत."

मला म्हणायचं होतं, राह्य ना. म्हणालो असतो तर तो राहिला असता की नाही, माहीत नाही.  मी म्हटलं, "खिडकीपाशी बस. उलटी होते तुले." तो बसला. बस सुटली. घरी येऊन मी ती पाटी उतरवली.

दोन वर्षं गेली असतील. दर रविवारी तो फोन करायचा, आईशी बोलायचा, शेवटी ती रिसीव्हर माझ्याकडं द्यायची आणि आम्ही धानाचं बोलायचो. त्या रविवारी त्यानं आधी मलाच मागितलं.

"बाबा, त्या कार्डाच्या कंपनीनं लिहून दिलं. थे फाइल कोणालेही द्या म्हणते. फक्त आत हात नका घालू. साऱ्या जगातून लोकांनी अर्ज केले होते म्हणे, तुमच्यासारखे. आता डिस्कीसोबतच भेटते, बाजूच्या कप्प्यात."

"लेखी?"

"लेखी. तुमचंच खरं झालं."

 मग मी म्हटलं, "मंग येतं का आता इथी?" दोन वर्षांआधी बसस्टँडवर म्हणायचं ते त्या दिवशी फोनवर म्हटलं.

तिकडं दार लावल्याचा आवाज आला.

"बाबा, मी आता त्याच कामात हावो. तशाच फाइली बनवतो. कंपनीत."

"बंद?"

"बंद."

मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. "अन् तू काय बनवतं, थे मले दाखवता येते का? घरी आला म्हणजे? मले काई समजणार नाई. नुसतं पाहीन."

"नाई दाखवता येत बाबा. कोणालेच नाई. मी सही करून देल्ली हाये."

"सही केली असन," मी म्हटलं, "तं नको दाखवू."